चाळीसच्या वर

चंद्रप्रकाशकाकांचं ऑफिस मुलुंड स्टेशनच्या पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर. जिना चढताना तळणीचा वास अंगाला चिकटतो आणि वर पोचल्यावर जुलै महिन्यात, रिटर्न भरणाऱ्यांच्या गर्दीत, बसायला खुर्ची मिळत नाही. चेतनाने अर्धा दिवस रजा काढली होती. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांचे कागद तपासणं हे तिचं काम, त्यामुळे तिची फाइल कशी असणार ते सांगायला नको. सगळं क्रमाने लावलेलं, पिवळ्या चिठ्ठ्या डकवलेल्या, प्रत्येक झेरॉक्सवर सही.

काकांनी पहिली पाच पानं भराभर उलटली. सहाव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे अठरा लाख कशाचे?"

उत्तर चेतनाने घरून पाठ करून आणलं होतं. "ते उत्पलाच्या नावावर आलेत काका. माझ्या मुलीच्या. एका नर्सिंग होमकडून, उपचारासाठी मदत म्हणून."

"मदत?" काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "नर्सिंग होम काय तुझा मामा लागतो, मदत करायला?"

शेजारच्या खुर्चीतला माणूस फिस्सकन हसला. चेतनाने फाइलमधला आणखी एक कागद काढला. तोही तिने आणला होताच, फक्त सगळ्यात खाली ठेवला होता. "ग्राहक आयोगात केस होती आमची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तडजोड झाली."

"मग तसं सांग की बाई."

काकांनी तडजोडनामा वाचला. वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, या मुद्दलाला कर नाही. अंगाला इजा झाली, तिची भरपाई मिळाली, ती काही कमाई नव्हे. पण रिटर्नमध्ये करमुक्त म्हणून दाखवून ठेवू. उद्या कोणी विचारलं तर लपवलं असं नको व्हायला. इथे कशापोटी मिळाले ते लिहायचं असतं." त्यांनी कागदावरचं इंग्रजी मराठीत वाचून दाखवलं, "'अल्पवयीन मुलीच्या उजव्या हाताच्या कायमस्वरूपी अपंगत्वापोटी.' असंच घालतो."

"कायमस्वरूपी नको."

"अगं, यात तेच आहे. खाली सही तुझी."

सही तिचीच होती. वकिलांनी बजावलं होतं, हा शब्द नसेल तर पैसे नाहीत. तेव्हा तिने सही ठोकली होती आणि तो शब्द त्या कागदातच पडून राहील असं धरलं होतं.

"आणि मुद्दल राहू दे, खरी भानगड एफडीच्या व्याजाची आहे," काका म्हणाले. "त्याच्यावर कर लागतो. मूल लहान म्हणून ते व्याज आईबापापैकी ज्याची कमाई जास्त त्याच्या डोक्यावर. म्हणजे तुझ्या. वर्षाला सव्वीस हजाराच्या आसपास जातील. ती अठराची होईपर्यंत."

"पण एफडी तर आम्हाला मोडताही येत नाही. आयोगाची परवानगी लागते. ऑपरेशनसाठी ठेवलीय ती."

"एक वाट आहे. मुलाला चाळीस टक्के किंवा वर दिव्यांगत्व असेल, तर त्याची कमाई आईबापाला जोडत नाहीत. तिचं वेगळं रिटर्न भरायचं, कर शून्य, वर बँकेने कापलेले पैसे परत. दाखला काढलायस ना?"

"नाही."

"सहा वर्षांत?"

"तशी गरज पडली नाही," चेतना म्हणाली.

 काकांनी चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि तिच्या फाइलला डकवली. एकतीसच्या आत.

त्याच नर्सिंग होममध्ये उत्पला जन्मताना खांद्याशी अडकली होती. ओढून काढताना मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या आणि पोर बाहेर आली ती उजवा हात लोंबता ठेवूनच. तीन महिन्यांत येईल, डॉक्टर म्हणाले. मग सहा महिन्यांत. मग, चालायला लागली की आपोआप. बोटं आली, अगदी छान आली. कोपर थोडंफार आलं. खांदा काही आला नाही. चेतनाने मात्र ते 'येईल' पदराला गाठ मारून ठेवलं. सकाळी व्यायाम, संध्याकाळी मालिश, आणि हात येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून खिसा.

कन्नमवारनगरच्या शिंप्याला पाठ झालं होतं, उत्पलाच्या फ्रॉकला उजवीकडे खिसा हवाच. हात खिशात गेला की मूल कसं ऐटीत उभं राहिल्यासारखं दिसतं. फोटोत त्या हाताशी टेडी. लग्नाकार्यात त्या खांद्यावर ओढणी. आणि दोन्ही हात वर करायची वेळ आलीच, शाळेत कवायत असते, नाच असतो, तर झोका. हा मायलेकींचा आपसातला शब्द. कंबरेतून डावीकडे झुकायचं, अंगाला एक हिसडा द्यायचा, हात उडाला की तो पडायच्या आत डाव्या हाताने डोक्यामागे मनगट पकडायचं. उत्पला चार वर्षांची असताना दोघींनी कपाटाच्या आरशासमोर तो महिनाभर घोटला होता. चुकली की चेतना म्हणायची, "परत. असं कोणाला दिसता कामा नये."

समेटाच्या बैठकीत नर्सिंग होमच्या वकिलांनी मोबाइल टेबलावर सरकवला. शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ. चेतनाने स्वतः स्टेटसला टाकलेला, लाल बदामांसकट. बारा मुलींच्या रांगेत उत्पला दोन्ही हात वर करून नाचत होती. "किती छान करते हो," वकील म्हणाले, आणि नको त्या वेळी चेतनाच्या तोंडावर हसू फुटलं. मागितले होते पन्नास, मिळाले अठरा. तरीसुद्धा त्या दिवशी घरी येताना तिला आत कुठेतरी बरंच वाटलं होतं. त्यांनासुद्धा ओळखू आलं नाही. हे तिने नवऱ्याला, प्रबुद्धलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

मुलुंडहून ती घरी आली तेव्हा सासूबाई, रत्नप्रभा, मेथी निवडत बसल्या होत्या. प्रबुद्ध कॉलेजच्या लायब्ररीतून नुकताच आला होता. उत्पला आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. चेतनाने काकांचं सगळं म्हणणं सांगितलं.

"मग काढू दाखला. त्यात काय?" प्रबुद्ध म्हणाला.

"त्यात काय! तुला बोलायला काय जातंय? शाळेत कळलं की सगळ्याजणी 'बिचारी, बिचारी' करणार. आज तिच्याकडे कोणी वळून बघत नाही."

"दाखल्याने हात जात नाही, चेतना. आहे ते लिहितात."

"आहे ते, आहे ते! चाळीसच्या वर असेल तर. त्याच्या खाली आलं तर?"

"म्हणजे तुला खाली यायला हवंय की वर?"

 सासूबाईंनी मेथीची काडी मोडली.

"शाळेत कळलं की, म्हणे. अगं, त्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, आजी, हिच्या हाताला काय झालंय."

चेतना वळली. "कधी? मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सांगितलं, जन्मापासून आहे. त्या म्हणाल्या बरं, आम्ही सांभाळून घेऊ. त्या नाचात तिला कडेला नाही का उभी केली, धक्का लागू नये म्हणून?"

"आई, तुम्ही मला बोलला नाहीत."

"तुला बोलायची सोय आहे का, बाय माझी? तुलाच वाटतं कोणाला दिसत नाही. सगळ्यांना दिसतं. तुझं मन राखतात."

चेतना उठली आणि गॅसवर चहा ठेवला. दूध घालायचं विसरली. प्रबुद्ध तिच्या मागे येऊन हळूच म्हणाला, "तेवढं झोक्याचं तिला सांगून ठेव. डॉक्टरांपुढे नको म्हणावं."

"तू सांग ना."

"मी काय सांगू? शिकवलंस तू."

ऑनलाइन अर्ज केला, तारीख मिळाली एकोणीस जुलैची. मधे अकरा दिवस होते. चेतनाने तीनदा तोंड उघडलं. एकदा केस विंचरताना, एकदा आंघोळीला बसवताना, एकदा शाळेतून आणताना. दर वेळी वाक्य अर्ध्यावर अडकलं. काय सांगणार? मी तुला जे शिकवलं ते करू नकोस? की करून दाखवू नकोस, करतेस तसंच कर? शेवटी तिने ठरवलं, डॉक्टर आहेत ते, त्यांचं ते बघून घेतील. आणि ठरवून टाकल्यावर सुटल्यासारखी झोपली.

पालिकेच्या रुग्णालयात दाखला देणाऱ्या बोर्डाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बाकावर नंबर लावून बसल्यावर उत्पलाने पाय हलवत विचारलं, "आई, इथे परीक्षा आहे ना?"

"कोणी सांगितलं?"

"तूच बाबाला सांगत होतीस. चाळीसच्या वर पाहिजेत."

"परीक्षा नाही. डॉक्टरमॅडम हात बघणार फक्त."

"कुठला?"

चेतनाने तिची रिबन उगाचच सारखी केली. उत्पलाने पिवळा फ्रॉक घातला होता. हात खिशात होता.

आतल्या मॅडम चाळिशीच्या, केसांना घट्ट क्लिप लावलेल्या, झपाझप काम उरकणाऱ्या. त्यांच्या हातात कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी लांब पट्टी होती. फाइल चाळून त्या उत्पलाला म्हणाल्या, "नाव काय गं तुझं? उत्पला? झकास. चल उत्पला, दोन्ही हात वर कर बघू, जेवढे जातात तेवढे."

उत्पलाने आधी आईकडे बघितलं. हे तिला येत होतं. तिने हात खिशातून काढला, डावीकडे झुकली, हिसडा दिला. हात उडाला, पार कानाच्या वर गेला, आणि डोक्यामागे डाव्या हाताने त्याला अलगद झेललं. इतका वर तो कधीच गेला नव्हता. घरी आरशासमोरसुद्धा नाही.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या.

चेतनाचा ऊर भरून आला. खरंच भरून आला, लपवून काय उपयोग. समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचायची तिला ऑफिसात सवय होती. मॅडमनी रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, तीस, आणि पुढे प्रश्नचिन्ह. तीस म्हणजे काय ते तिला कळत होतं. तीस म्हणजे सव्वीस हजार दरसाल. पण तीस म्हणजे हेही, की एका डॉक्टरने, सरकारी शिक्का असलेल्या डॉक्टरने, हिचा हात बराच चांगला आहे असं लिहिलं. तो कागद घेऊन घरी गेलं तर? सासूबाईंपुढे टाकला तर?

उत्पला मनगट धरून तशीच उभी होती. दंड थरथरत होता. कपाळावर घाम फुटला होता, वरच्या ओठावरसुद्धा. ती आईकडे बघून हसत होती, गॅदरिंगमध्ये हसली होती तशीच. घरी तो व्हिडिओ शंभर वेळा बघताना चेतना तो वर गेलेला हातच बघायची. कुठेही हात वर करावा लागला की हिला एवढा घाम फुटतो, हे तिने या खोलीत पहिल्यांदा बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली. "तो हात नाही जात. ती अख्खी उडते."

"म्हणजे?"

"मी शिकवलंय तिला. कोणाला दिसू नये म्हणून. तुम्ही खांदा धरून बघा."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. चेतनाकडे एकदा नीट बघितलं. उठून उत्पलाच्या मागे गेल्या आणि तिच्या पाठीवरचं खांद्याचं हाड तळहाताने दाबून धरलं. दुसऱ्या हाताने कंबर. "आता कर गं राणी, परत एकदा."

उत्पलाने हिसडा द्यायचा प्रयत्न केला. अंग हललं नाही. हात छातीपर्यंतसुद्धा पोचला नाही, मधेच लटकला आणि खाली पडला. तिने परत केलं. परत पडला. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"आई, यांनी धरलंय ना मला, म्हणून होत नाहीये! यांना सोडायला सांग!"

"उप्पू."

"मला येतं! आत्ता केलं ना मी!"

चेतना खाली गुडघ्यांवर बसली. त्या खोलीत तिच्यासमोर मॅडम होत्या, टेबलापाशी कारकून होता, दारात पुढचा नंबर उभा होता. "उप्पू, ऐक. आज येत नाही तेच दाखवायचं."

"का?"

"मॅडमना बघायचंय, म्हणून."

उत्पला तिच्या कानाशी आली. कुजबुजली, पण खोली लहान होती, सगळ्यांनी ऐकलं. "पण तू रागावशील ना."

"नाही रागावणार."

"तू म्हणालीस, कोणाला दिसता कामा नये."

"मी चुकीचं सांगितलं होतं गं," चेतना म्हणाली.  मॅडमनी स्टूल पुढे ओढलं, उत्पलाला बसवलं आणि पट्टी लावून हळूहळू मोजलं. पुढे, बाजूला, मागे. हात उचल म्हटलं की उत्पला थोडासा उचलायची आणि आईकडे बघायची. मॅडम सोड म्हणाल्या की सोडायची आणि परत आईकडे बघायची. चेतनाने ठरवून मान हलवत ठेवली. हो. बरोबर. असंच. येत नाही ते दाखवल्याबद्दल ती लेकीला शाबासकी देत होती.

बाहेर आल्यावर जिन्यात उत्पलाने विचारलं, "किती मिळाले मला?"

"पंचेचाळीस."

"म्हणजे पास?"

"हो."

"शंभरपैकी?"

चेतना जिन्यातच बसली. वरून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने वळसा घातला आणि जाता जाता विचारलं, "पाणी देऊ का गं पोरी?" चेतनाने मान हलवली. उत्पला पायरीवर तिच्याशेजारी टेकली. तिने हात केव्हाच खिशात घातला होता.

दाखला अठ्ठावीस तारखेला हातात आला. एकोणतीसला शाळेला सुट्टी होती, म्हणून चेतना उत्पलालाही मुलुंडला घेऊन गेली. काकांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ये, ये. तुझंच काम आहे आज. हे बघ कोणाचं नाव!"

"माझं!" उत्पला खुर्चीवरून पुढे झुकली. "उत्पला प्रबुद्ध... सगळं लिहिलंय!"

"मग! अख्ख्या मुलुंडात माझी सगळ्यात लहान करदाती." काकांनी ड्रॉवरमधून चॉकलेट काढलं. उत्पलाने डाव्या हाताने घेतलं, आणि उजवा हात खिशात आणखी खोल सारला. खिशाची शिवण ताणली गेली.

"उप्पू, बाहेर काढ तो हात," चेतना म्हणाली. "राहू दे बाहेर."

उत्पलाने काकांकडे बघितलं, मग टेबलावरच्या पट्टीकडे. साधी लाकडी फूटपट्टी होती ती. "हे काका पण मोजणार?"

"नाही गं. कोणी नाही मोजणार."

"मग कशाला?"

 काकांनी पडद्यावरचा पुढचा रकाना उघडून विचारलं, "मुद्दल दाखवतोय. कशापोटी, ते तू सांगतेस की मी घालू?"

"मी घालते," चेतना म्हणाली. तिने कळफलक पुढे ओढला आणि एका बोटाने अख्खं वाक्य टाइप केलं, तडजोडनाम्यात होतं तसं. 'कायमस्वरूपी'पाशी तिचं बोट थांबलं, मग तोही शब्द घातला. उत्पला नवी नवी वाचायला शिकत होती, पण इंग्रजीत तिला स्वतःच्या नावापलीकडे वाचता येत नव्हतं.

मोबाइल वाजला. "ओटीपी आला असेल बघ," काका म्हणाले. "सांग, सहा आकडे."

"मी मोजते!" उत्पला म्हणाली.

चेतना एकेक आकडा मोठ्याने सांगत गेली. उत्पला डाव्या हाताचं एकेक बोट मिटत गेली. चार. नऊ. नऊ. दोन. सात. मूठ बंद झाली. खिशातल्या हाताची बोटं चांगली होती, ती केव्हाच आली होती. चेतना थांबली. उत्पलाही थांबली आणि आईकडे बघायला लागली.

"सहावा?" काकांनी विचारलं.

"शून्य," चेतना म्हणाली.

उत्पलाने मूठ उघडली आणि त्याच हाताचा अंगठा परत मिटला.